ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) बेरोजगारी भत्ता: दादाचा क्लेम नामंजूर झालाय, आता कुठे दाद मागायची?

धाकटी_बहीण
नमस्कार मंडळी, हा प्रश्न माझ्या मोठ्या भावासाठी विचारतेय, त्याला ऑनलाइन फारसं जमत नाही. दादा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर होता, ठेकेदारामार्फत, पगार महिना 18,000. चार वर्षं झाली होती आणि दर महिन्याला ईएसआय कापला जायचा, स्लिपवर दिसतंय तसं. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून ऑक्टोबरअखेर बऱ्याच पोरांना घरी बसवलं, त्यात हा पण. मग कुणीतरी सांगितलं की अटल बीमित व्यक्ति कल्याण योजनेत तीन महिने पैसे मिळतात, म्हणून डिसेंबरमध्ये मीच पोर्टलवर क्लेम भरला, आधार नि पासबुक जोडलं. आता नामंजूर आलाय, कारण काय तर दोन वर्षांची नोकरी दिसत नाही म्हणे. अहो चार वर्षं पैसे कापलेत, मग ते गेले कुठे? ठेकेदार फोन उचलत नाही. मार्चमध्ये वहिनीचं बाळंतपण आहे, घरात दुसरी कमाई नाही. अपील करता येतं का? किती पैसे मिळतात हे तरी नक्की सांगा कुणीतरी, प्रत्येकजण वेगळाच आकडा सांगतो.

पेरोलवाला
ताई, मी बरीच वर्षं पेरोलचं काम करतोय, हे रोज बघतो. अपीलाच्या आधी एक काम करा, दादाच्या लॉगिनने पोर्टलवर त्याचा अंशदानाचा म्हणजे भरलेल्या वर्गणीचा इतिहास उघडा आणि महिनावार दिवस लिहून काढा. अट अशी आहे की नोकरी जाण्याआधी सलग दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी, लगेच आधीच्या अंशदान कालावधीत किमान 78 दिवस भरलेले हवेत आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात पण 78. कालावधी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.

दुसरं म्हणजे शेवटचा महिना बघा. माणूस कामावर नसला की मालकाने ईएसआयच्या मासिक फाइलमध्ये शून्य दिवस आणि कारणाचा कोड टाकायचा असतो. 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे कामगार कपात, आणि सोबत शेवटच्या कामाची तारीख. पुष्कळ जण नुसता 0 नाहीतर 1 म्हणजे रजा टाकून मोकळे होतात, मग रेकॉर्डला माणूस कामावरच दिसतो आणि क्लेम अडकतो. ही चूक मालकाची असते आणि भोगतो कामगार, मला याचा फार राग येतो.

पैशांचं सांगतो. मागच्या चार कालावधींची एकूण कमाई भागिले 730, त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस. 18,000 च्या हिशोबाने चोवीस महिन्यांचे 4,32,000 भागिले 730 म्हणजे रोजचे साधारण 592, निम्मे 296, तीन महिन्यांचे झाले 26,600 च्या आसपास. जुन्या माहितीत 25 टक्के लिहिलेलं असतं, 2020 मध्ये ते 50 झालं, म्हणून लोक वेगवेगळे आकडे सांगतात. आयुष्यात एकदाच मिळतं हे, त्यामुळे नीट पूर्ण करून घ्या.

धाकटी_बहीण
पेरोलवाले दादा, तुमचे खूप आभार, रात्री बसून सगळं काढलं आणि मला धक्काच बसला. इतिहासात जुलैपासूनचेच महिने आहेत! जुलैमध्ये ठेकेदार बदलला होता, काम तेच, मशीन तेच, फक्त स्लिपवरचं नाव बदललं. आणि आता दोन्ही स्लिपा शेजारी ठेवल्या तर विमा नंबरच वेगळा आहे. दादाला हे माहीतच नव्हतं, त्याच्याकडे जुनंच ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र आहे.

पेरोलवाला
मग तिथेच आहे सगळं. विमा नंबर माणसाचा असतो, मालक बदलला तरी तोच चालू राहायला हवा. नव्या ठेकेदाराने जुना नंबर न विचारता नवीन काढला, त्यामुळे साडेतीन वर्षं एका नंबरवर राहिली आणि चार महिने दुसऱ्यावर. ईएसआयच्या शाखा कार्यालयात दोन्ही नंबर एकत्र करायचा लेखी अर्ज द्या, दोन्ही ठेकेदारांच्या स्लिपा, आधार, जुनं कार्ड जोडा. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि दोन्ही रेकॉर्डवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय ना ते आधी बघा.

तिसरी_पाळी
माझं पण असंच झालं होतं म्हणून लिहितोय. मी तीन वेळा नुसता तोंडी विचारून आलो आणि तीन हेलपाटे वाया गेले. चौथ्या वेळी अर्ज दोन प्रतीत नेला आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट सही-शिक्का मागून घेतला, त्यानंतर गाडी हलली. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आणि ठेकेदाराच्या मागे लागू नका ताई, आधी क्लेम मालकाकडून पुढे जायचा, आता थेट शाखेत देता येतो.

बाळंतपणाचं टेन्शन थोडं कमी करा. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर जानेवारी ते जून उपचाराचा हक्क असतो, नोकरी गेली म्हणून लगेच संपत नाही आणि बायको पण त्यात येते. फक्त तिथेही दिवस दोन नंबरांत वाटले गेलेत, म्हणून अर्जात गरोदरपणाचा उल्लेख करा आणि वहिनीचं नाव कार्डावर कुटुंबात आहे का ते आजच बघा.

लेखी_अर्ज
अर्ज देऊन हललं नाही तर शाखेतच थांबू नका, प्रादेशिक कार्यालयाला लिहा आणि केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर टाका, नोंदणी नंबर मिळतो. तिथे रडगाणं नको, तारखा लिहा: क्लेम कधी, नामंजूर कधी, अर्जाची पोच कधी. तरीही गप्प असतील तर माहितीचा अधिकार, फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. त्यात का नामंजूर केलं असं विचारू नका, नामंजुरीची टिपणी आणि दोन्ही नंबरांच्या अंशदानाच्या नोंदींची प्रत मागा. कागद मागितला की कागद मिळतो.

नवीन_मेंबर_पुणे
मधेच विचारतो, माझ्याकडून एचआरने राजीनामा लिहून घेतला, मला मिळेल का?

पेरोलवाला
भाऊ, अवघड आहे. स्वतःहून सोडलेली नोकरी, स्वेच्छानिवृत्ती, शिस्तभंगाने काढणं यात बसत नाही. पण कपातीबद्दलचे मेल, मेसेज असतील तर जपून ठेव आणि कामगार आयुक्तांच्या ऑफिसला लेखी तक्रार दे, आणि पुढे कुणी राजीनामा मागितला तर आमच्याकडून कपात झाली असं पत्र द्या म्हणायचं.

धाकटी_बहीण
अपडेट देते. जुन्या रेकॉर्डवर दादाचं आडनाव आधी आणि नाव नंतर आहे, आधारवर उलटं. वहिनीचं नाव कुटुंबात नाहीच, लग्न कार्ड काढल्यानंतर झालं. सोमवारी दोघी जातोय, दोन प्रती तयार आहेत, दादाला पण रजा, म्हणजे सध्या तो रोजंदारीवर जातो तिथून सुट्टी घेतोय.

पेरोलवाला
ताई थांबा, रोजंदारीचं शाखेत लपवू नका. परत काम लागलं की त्या दिवसापासून भत्ता मिळत नाही आणि खोटं लिहून दिलं तर पूर्ण क्लेम जाईल. काम कधी सुरू झालं ती तारीख खरी सांगा, त्याआधीचे दिवस मागा. आणि लग्नाचा दाखला घ्या बरोबर.