सासऱ्यांचे १०.२ सेकंद

आमचे सासरे कॉलेजात शंभर मीटर १०.२ सेकंदांत धावायचे, हे मी लग्न ठरल्यापासून ऐकतोय. परवा मुलाने शोधून काढलं: "आजोबा, १९३६ साली जेसी ओवेन्सने केलेला जागतिक विक्रम एवढाच होता आणि तो मोडायला वीस वर्षं लागली!" सासरे काही बोलले नाहीत. मग माळ्यावरची ट्रंक उतरवली. प्रमाणपत्रावर १०.२ आहे, खोटं नाही. फक्त शेजारी 'यार्ड' लिहिलंय.

शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. राहिलेल्या साडेआठ मीटरना जवळपास एक सेकंद जातो. शिवाय वेळ स्टॉपवॉचवर घेतलेली. शेवटच्या रेषेवरचा माणूस पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबतो, म्हणजे घड्याळ उशिराच सुरू होतं. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना त्यासाठी ०.२४ सेकंद वाढवतात. सगळं धरून सव्वाअकराच्या पुढे. वाईट नाही हो, पण ओवेन्स राहिला बाजूला.

तुमच्या घरच्या विक्रमवीरांना कुणी तपासलंय का? काय निघालं?

*

मामाची हॅटट्रिक. कॉलेजचं स्कोअरबुक त्याच्याच एका मित्राने जपून ठेवलेलं. सलग तीन चेंडूंवर तीन बळी गेलेत खरे, पण मधला धावचीत! तो गोलंदाजाच्या खात्यात येत नाही. मामा म्हणाला, "थ्रो मीच केला होता." यावर काय बोलणार?

*

माझ्यावर उलटलंय, म्हणून लिहिते. बाबा भालाफेकीचा जो आकडा सांगायचे, तो मला आजच्या कॉलेजच्या मुलांच्या मानाने फारच वाटायचा. कित्येक वर्षं चिडवलं त्यांना. नंतर कळलं की पुरुषांचा भाला १९८६ साली बदलला. १९८४ मध्ये उवे होनने १०४.८० मीटर फेकला, तेव्हा मैदानं अपुरी पडायची भीती वाटू लागली होतीच. शिवाय जुना भाला बऱ्याचदा सपाट पडायचा, टोक आधी टेकलं की नाही यावर वाद व्हायचे. म्हणून गुरुत्वमध्य पुढे सरकवला, टोक लवकर खाली झुकू लागलं आणि अंतरं घटली. बाबांचा भाला जुना. माफी मागितली. ते म्हणाले, "मग? मी काय सांगत होतो!" आता रोज सांगतात.

*

घरचं नाही, पण राहवत नाही. २०१२ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांनी रेडिओवर सांगितलं की आपण मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावलोय. धावपटूंच्या एका मासिकाने जुना निकाल काढला. १९९०, कॉलेजचे दिवस, वेळ ४ तास १ मिनिट २५ सेकंद. ज्याने स्वतः मॅरेथॉन केली आहे त्याला हे पचतच नाही. आम्हाला आमच्या वेळेतले सेकंदसुद्धा पाठ असतात, तास कुठे विसरतो माणूस!

*

काका 'राज्याच्या संघात' होते. संघाच्या फोटोत आहेत, राखीवमध्ये. विषय संपला.

*

मूळ लेखक पुन्हा: सासरे आता न चुकता 'यार्ड' म्हणतात. पण कालपासून "तेही अनवाणी" अशी भर पडली आहे. आता हे कुठे तपासू?