रिओहात दोन दिवस : स्वतःची द्राक्षं स्वतःच बाटलीत भरणारे शेतकरी कुठे भेटतील?

द्राक्षबाग_निफाड
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात कामानिमित्त स्पेनमध्ये बिल्बाओला जातोय. काम 27 ला दुपारी संपतं, परतीचं विमान 30 ला पहाटे. मधले 28 आणि 29 हे दोन दिवस रिओजा या वाइनसाठी प्रसिद्ध भागात घालवायचे आहेत.

आमची सात एकर बाग आहे. पाच एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आणि दोन एकर वाइनची द्राक्षं, ती करारावर एका कंपनीला जातात. गेल्या हंगामात त्यांची गाडी अकरा दिवस उशिरा आली. तोवर साखर चढली, मणी सुरकुतले आणि भाव त्यांनीच पाडला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आपल्या मालाची वाइन आपणच का करू नये. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या वायनरींना द्राक्षं घालणाऱ्या घरांतली मुलं आता स्वतःच्या नावाने बाटल्या काढतात असं वाचलं. अशा लोकांना भेटायचं आहे.

बजेट दोन मुक्काम, जेवण, प्रवास सगळं धरून 200 युरो. गाडी चालवणार नाही. मोठ्या वायनरीची टूर नको. स्पॅनिश येत नाही.

सुमेध_लंडन
डोळे झाकून एल्सिएगो गावाला जा. मार्केस दे रिस्काल, 1858 ची वायनरी. तिच्या आवारात फ्रँक गेरीने बांधलेलं हॉटेल आहे, 2006 चं, गुलाबी-सोनेरी टायटॅनियमच्या लाटा छपरावर. आम्ही लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला राहिलो होतो. खिडकीतून द्राक्षमळे, चर्च, मागे डोंगर. एका रात्रीचे काही शे युरो जातात, पण आयुष्यात एकदाच जाणार आहात, हात आखडता घेऊ नका.

अनघा_बार्सिलोना
आधी एक दुरुस्ती. उच्चार रिओहा आहे. आणि हारो नावाचं गाव लागेल त्याचा उच्चार आरो, ह बोलत नाहीत.

तुमच्या तारखा बघून मला राहवलं नाही! 29 जून म्हणजे आरोची वाइनची लढाई. सेंट पीटरचा दिवस. सगळे पांढरे कपडे, गळ्यात लाल रुमाल घालून सकाळी बिलिबिओच्या कड्यांवर चढतात आणि एकमेकांवर लाल वाइन उडवतात, बादल्यांनी, फवारणीच्या पंपांनी. संध्याकाळी आख्खं गाव जांभळं. याच्यापुढे दुसरं काही सुचवणं मला जमणार नाही. मात्र आरोत खोली आता मिळणं कठीण, लोग्रोन्यो शहरात राहून या.

पाटीलमामा
मराठीत रिओजा लिहिलं तर काय बिघडतं? आपण पॅरिसला पारी म्हणतो का?

अनघा_बार्सिलोना
मामा, तिथे बसच्या तिकिटाला "रिओजा" म्हटलं तर समोरच्याला कळणार नाही, एवढंच.

पाटीलमामा
तिकीट लोग्रोन्योचं काढायचं असतं. रिओजा नावाचा बसथांबा नाही.

मीनल_लोग्रोन्यो
सहा वर्षं इथे राहते, एका बाटल्यांच्या लेबल छापखान्यात काम करते, त्यामुळे लहान लोक रोज समोर असतात. निफाडकर, तुमचा प्रश्न फार आवडला.

तुम्हाला आरोची नाही, एब्रो नदीच्या उत्तरेची गावं बघायची आहेत : लाग्वार्दिया, बियाब्वेना, बान्योस दे एब्रो, लान्सिएगो. हा रिओहा आलावेसा, प्रशासनाने बास्क प्रदेशात. मागे कांताब्रियाची डोंगररांग समुद्राकडचा गार, ओला वारा अडवते. इथे तुकडे लहान आणि घरोघरी जुनी तळघरं आहेत. म्हणून "कोसेचेरो" ही जात इथे टिकली, म्हणजे स्वतः पिकवून स्वतः वाइन करणारा शेतकरी. त्याची पद्धत अशी : घड दांड्यासकट, न चिरडता टाकीत टाकायचे, मण्याच्या आतच आंबणं सुरू होतं, बॅरल लागत नाही आणि हिवाळ्यात वाइन विकायला तयार. पैसा त्याच वर्षी हातात. तुमच्या दृष्टीने हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

त्याच्या उलट मोठ्या घरांचा धंदा बॅरलवर उभा आहे. क्रिआन्सा म्हटलं की दोन वर्षं ठेवायची, त्यातलं किमान एक बॅरलमध्ये. रेसेर्बा तीन वर्षं. ग्रान रेसेर्बा पाच. एवढा काळ माल आणि पैसा अडकवून ठेवणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून नव्या पिढीतले बरेच जण मागच्या बाजूचं साधं, मुरवण्याचा काळ न सांगणारं हिरवं लेबल घेतात. वाइन बॅरलमध्ये ठेवली असली तरी हिरवंच. त्यांचं म्हणणं, बाटलीवर गाव आणि शेत दिसू दे, महिने नकोत.

शिरीष_काका
मीनल, तुझं लिहिणं वाचनीय, पण मला पटत नाही. माझ्याकडे 1994 ची ग्रान रेसेर्बा आहे, मुलीच्या लग्नाला उघडणार. पाच वर्षं सांभाळून मग बाजारात आणलेली गोष्ट आणि तीन महिन्यांत काढलेली गोष्ट एकाच हिरव्या लेबलखाली? गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? क्रिआन्सा-रेसेर्बा या शब्दांनी तर रिओहाचं नाव जगभर झालं. निफाडकरांनी आरोत स्टेशनच्या मोहल्ल्यात जाऊन शतकभर जुन्या वायनरी बघाव्यात. फ्रान्सच्या बागा फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने गेल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी इकडे आले, त्यात रेल्वे आली, म्हणून त्या वायनरी स्टेशनला खेटून आहेत. लोपेस दे एरेदिया 1877 ची. शिकायचं तर तिथे.

मीनल_लोग्रोन्यो
काका, त्या वायनरी मलाही प्रिय आहेत. पण त्यांच्या बाटलीत किती गावांची द्राक्षं मिसळली हे त्या गावांच्या शेतकऱ्याला कुठेच दिसत नाही. तक्रार तीच होती. 2015 च्या अखेरीस तेल्मो रोद्रिगेस या वाइन बनवणाऱ्याच्या पुढाकाराने दीडशेच्या आसपास लोकांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की जमिनीनुसार वर्गवारी करा. त्याच सुमारास लाग्वार्दियाची आर्तादी ही वायनरी लेबलवर "रिओहा" नाव लावण्याच्या अधिकृत व्यवस्थेतूनच बाहेर पडली, आणि आर्तादी 1985 मध्ये सुरू झाली ती शेतकऱ्यांच्या गटातून! शेवटी 2017 मध्ये रिओहाच्या नियामक मंडळाने "एकल शेत" हा दर्जा आणला : वेल किमान 35 वर्षांचे, तोडणी हातानेच, लाल द्राक्षांना हेक्टरी 5,000 किलोच्या वर उतारा नाही.

तेल्मो यांच्या घरच्या रेमेयुरी वायनरीचं उदाहरण निफाडकरांसाठी मुद्दाम देते. ते शेजाऱ्यांची द्राक्षं घेऊन आपल्या वाइनमध्ये मिसळत. नंतर ते थांबवून शेजाऱ्यांच्या मालाची गावनिहाय वेगळी वाइन काढली. शेतकरी तोच, खरेदीदार तोच, पण गावाचं नाव लेबलवर आलं.

उज्ज्वला_तासगाव
हेक्टरी 5,000 किलो म्हणजे एकरी दोन टन! वाचून थांबलेच. आम्ही बेदाण्यासाठी एकरी दहा-बारा टन काढतो. त्यांचं पोट कसं भरतं?

मीनल_लोग्रोन्यो
ते एकल शेताचं झालं. साध्या रिओहाला लाल द्राक्षांची मर्यादा हेक्टरी 6,500 किलो, पांढऱ्यांची 9,000. पोट किलोवर भरत नाही, म्हणून तर बाटलीकडे वळतात. आणि हेही सांगते, सध्या इथे माल जास्त आणि खप कमी आहे. 2023 ला सरकारी मदत घेऊन लोकांनी कच्चे घड तोडून टाकले. ज्यांचं स्वतःचं गिऱ्हाईक नाही, त्यांना सगळ्यात आधी झळ बसते.

खवय्या
सगळे कामाचं बोलताय, जेवणाचं कोणीच नाही. लोग्रोन्योत काये लाउरेल नावाची गल्ली आहे, पावलोपावली बार, आणि प्रत्येकाचा एकच खास पदार्थ. एका ठिकाणी फक्त तव्यावरचे लसूण घातलेले मशरूम, पावावर रचून, वर एक कोळंबी. एक पदार्थ, एक ग्लास, मग पुढचं दार. दोन्ही संध्याकाळी तिथेच काढा. द्राक्षं तर निफाडला रोजच बघता.

सुमेध_लंडन
गाडीशिवाय या भागात काही होत नाही. बियाब्वेना काय, बान्योस काय, बस नावाला. आम्ही बिल्बाओ विमानतळावरून गाडी घेतली, दीड तासात पोचलो. एल्सिएगोचं पुन्हा सांगतो, निदान आवार बघून या.

पाटीलमामा
वाइन प्यायला जाणाऱ्या माणसाला गाडी घ्यायला सांगू नका. स्पेनमध्ये रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम ही मर्यादा आहे आणि पोलीस थांबवतात. माझ्या भाच्याला दंड झालाय. बिल्बाओहून लोग्रोन्योला बस आहे, दोनेक तास. तिथून लाग्वार्दियाची बस अर्ध्या तासात पोचवते. पुढे टॅक्सी.

उज्ज्वला_तासगाव
निफाडकर, आता माझा अनुभव ऐका, कारण तुम्ही मी गेले त्याच वाटेवर आहात. चार वर्षांपूर्वी दिराने एका लहान वायनरीत भागीदारी केली, आमच्या दोन टन द्राक्षांची वाइन तिथे केली. वास, रंग, सगळं छान. टाकी अर्धी विकली गेली आणि उरलेली वाइन त्याच मोठ्या टाकीत राहिली, वर हवा. उन्हाळ्यात खोली थंड ठेवणारं यंत्र दोन दिवस बंद. जूनमध्ये झाकण काढलं तर व्हिनेगर. आम्हाला बाग कळत होती, तळघर कळत नव्हतं. तुम्ही तिथे ग्लास नंतर हातात घ्या. आधी विचारा : टाक्या किती लिटरच्या आणि किती? अर्धी झाली की माल कुठे हलवता? बॅरल किती दिवसांनी पुन्हा काठोकाठ भरता? गंधक किती आणि कधी? पहिल्या वर्षी किती बाटल्या काढल्या आणि उरलेली द्राक्षं कुणाला विकली?

मीनल_लोग्रोन्यो
उज्ज्वलाताई, शेवटचा प्रश्न तर लाखमोलाचा. मी ओळखते त्यातल्या एकानेही पहिल्या वर्षी सगळा माल बाटलीत घातला नाही. उत्तम तुकडा स्वतःला, बाकी नेहमीच्या गिऱ्हाइकाला. जागा आजोबांचं तळघर, नाहीतर मित्राच्या वायनरीतला भाड्याचा कोपरा.

नावं हवी असतील तर : बियाब्वेनाच्या सांद्रा ब्राबो, सिएरा दे तोलोन्यो या नावाने 2012 पासून काढतात, काही वाइन मातीच्या रांजणात. बान्योस दे एब्रोचे आर्तुके, आर्तुरो आणि किके या भावांच्या नावांचा जोड. आधी ईमेल करा, साध्या स्पॅनिशमध्ये, मी मजकूर लिहून देते. "पर्यटक" न लिहिता "द्राक्ष शेतकरी" लिहा. जूनमध्ये बागेत फुटवे काढण्यासारखी कामं चालू असतात, त्यामुळे सकाळी कोणी भेटलं तर शेतातच भेटेल. दुपारी दोन ते चार कुणाला फोन करू नका.

शिरीष_काका
रांजणातली वाइन मी प्यायलो आहे. मातीचा वास येतो. निफाडकर, एक ग्रान रेसेर्बा नक्की आणा.

खवय्या
आणताना दोन लिटरचीच सूट आहे, आणि सामानात बाटली टाकताना नीट बांधा. माझी फुटली होती, बायकोची पैठणी गेली.

द्राक्षबाग_निफाड
सगळ्यांचे आभार. बाटली आणणार नाही. वडील माळकरी आहेत, घरात चालत नाही. वाइनची द्राक्षं लावली तेव्हाच त्यांचा विरोध होता, भाव पडल्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणंच मला जास्त लागलं.

मीनलताईंचा मजकूर सात जणांना पाठवला. तिघांची उत्तरं आली. दोघांनी टेस्टिंगची वेळ आणि दर कळवला. तिसरं घर बान्योसजवळचं, नाव इथे लिहीत नाही. सहा हेक्टर, त्यातल्या दोनाचीच वाइन करतात, बाकी द्राक्षं आजही विकतात. त्यांनी लिहिलं : सकाळी सात वाजता या, फुटवे काढतोय, मदत करा, जेवण आमच्याकडे. मी दोन्ही दिवस तिथेच जाणार आहे. राहायला गावातच 45 युरोची खोली मिळाली.

अनघा_बार्सिलोना
दोन्ही दिवस एकाच शेतात? 29 ला लढाई तिथून अर्ध्या तासावर आहे हो!

सुमेध_लंडन
इतक्या लांब जाऊन एकच वायनरी, आणि तीही नाव नसलेली. तुलना कशाशी करणार? किमान तीन तरी बघा.

मीनल_लोग्रोन्यो
मलाही वाटतं की एक दिवस तिथे आणि एक दिवस बियाब्वेनाला द्यावा. त्या गावात घरागणिक वायनरी आहे.

द्राक्षबाग_निफाड
ताई, तीन ठिकाणी तासतासभर ऐकलं तर तिघांची भाषणं ऐकून येईन. दोन दिवस एकाच्या हाताखाली काम केलं तर त्याची टाकी, त्याची वही, त्याची भांडणं दिसतील. सहा हेक्टरचा माणूस चार हेक्टर का विकतो हे मला बघायचंय, कारण मलाही तेच करावं लागणार आहे.

एक विचारायचं राहिलं. त्यांच्या फोटोत वेलांना मांडव नाही, तारही नाही. बुटके खोड आणि वर चार-पाच हात पसरलेले. आम्ही एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करणारे लोक, अशा वेलीवर कुठला फुटवा ठेवायचा आणि कुठला काढायचा? आणि माझी कात्री नेऊ का?

मीनल_लोग्रोन्यो
त्या वेलीला इथे "वासो" म्हणतात, पेला. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. त्या वेळी प्रत्येक हातावर दोन डोळे ठेवलेले असतात, त्यांतून आलेले फुटवे ठेवायचे, जुन्या लाकडातून आणि खोडातून फुटलेले काढायचे. पेल्याच्या मधोमध आलेलेही काढतात, हवा खेळावी, भुरी येऊ नये म्हणून. पण पहिल्या दोन वेली त्यांना करू द्या, प्रत्येक घराची रीत वेगळी.

कात्री नको. फुटवा कोवळा असतो, अंगठ्याने मोडतात. टोपी आणा, सात वाजता गार असतं पण अकरानंतर ऊन लागतं.