मनाचं दुखणं कसं ओळखलंत? मदत कुठे मिळाली? – अनुभव धागा

इथे दोनच गोष्टी लिहा: काहीतरी बिघडलंय हे कशावरून लक्षात आलं, आणि पहिला आधार कुठे सापडला. नाव-गाव नको. औषधांची नावंही नकोत. एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही. आत्ता या क्षणी कुणाला असह्य होत असेल, तर धागा वाचत बसू नका, १४४१६ लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

ठाण्याहून

आई कधीच ‘उदास वाटतं’ म्हणाली नाही. छातीत धडधडतं, डोकं जड झालंय, पोटात आग पडते, एवढंच. ईसीजी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. रिपोर्ट चांगला आला की आम्ही खूश व्हायचो आणि ती आणखी खचायची, कारण त्रास तर होताच. मला खटकलं ते वेगळंच. पहाटे तीनला जाग यायची, मग डोळ्याला डोळा नाही. श्रावण आला नि गेला, तिनं एकदाही पुरण घातलं नाही. कुंडीतली अबोली वाळली तरी लक्ष नाही. फॅमिली डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हे तिथे पहिल्याच भेटीत सांगितलं. ते फार बरं झालं, नाहीतर आईनं ‘काही उपयोग नाही’ म्हणून आठवड्यातच बंद केल्या असत्या. आता मनानं गोळ्या सोडत नाही. डॉक्टर हळूहळू कमी करतायत.

यवतमाळ जिल्ह्यातून

बाबांचं बोलणं कमी झालं ते आम्ही नापिकीवर ढकललं. मग एक दिवस त्यांनी कुणाचे किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे ते मला वहीत लिहून दिलं. बैलजोडी कुणाला द्यायची तेही सांगितलं. गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका, घरी आल्या तेव्हा आईनं त्यांच्या कानावर घातलं. ताईंनी बाबांना सरळ विचारलं, “काका, जीव द्यावासा वाटते का?” माझ्या अंगावर काटा आला. बाबा रडले आणि हो म्हणाले.

असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नको तो विचार शिरतो, असं गावात सगळे मानतात. तसं होत नाही. बाबा तर कुणीतरी विचारायची वाटच बघत होते. त्याच संध्याकाळी फवारणीची औषधं चुलत्याकडे कुलपात ठेवली आणि त्यांना एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालय. तिथे शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पाचे समुपदेशक भेटले. समुपदेशनानं कर्ज फिटत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण बँकेच्या साहेबांसमोर बसून बोलायचं बळ बाबांना त्या भेटींनंतरच आलं.

नाशिकहून

बाळंतपणानंतर थोडं रडू येतंच, म्हणाले सगळे. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांत ओसरतं. माझं वाढत गेलं. बाळ झोपलं तरी मी टक्क जागी, आणि मी याची आई व्हायला नको होतं असं सारखं वाटायचं. सासूबाईंनी ओळखलं. “माझंही असंच झालं होतं गं, तेव्हा कुणी विचारलं नाही. चल.” अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात, डॉक्टरांना पाजतेय हे सांगा.

पुण्याहून, नोकरी बेंगळुरूत

पहिल्या समुपदेशकानं पाऊण तास सकारात्मक विचारांवर प्रवचन दिलं. मी दुसरीकडे गेलो. समुपदेशक बदलायला काहीच हरकत नसते. दुसऱ्या बाई मराठी होत्या. वडिलांवरचा राग इंग्रजीत सांगताना मी उगाच सभ्य व्हायचो, मराठीत तो जसाच्या तसा बाहेर आला.

साताऱ्याहून, समुपदेशक

औषध मनोविकारतज्ज्ञ देतात, ते एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात. आम्ही समुपदेशक औषध देत नाही. तुम्ही सांगितलेलं बाहेर जात नाही. जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना विश्वासात घ्यावं लागतं. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे, तपासून घरी येता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार हा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नको, काळजी द्या, असंच तो कायदा सांगतो. पोलिसांच्या भीतीनं कृपया घरात दडवून ठेवू नका.

रत्नागिरीहून

भाऊ खोलीबाहेर येत नाही. “मी काय वेडा आहे का?” म्हणून अंगावर येतो. कसं न्यायचं?

साताऱ्याहून, समुपदेशक

ताई, आधी तुम्ही एकट्या जा. घरच्या माणसांनाही सल्ला मिळतो. हे केव्हापासून चाललंय, झोप, जेवण, आंघोळ, काही व्यसन, कुणी दिसतं-ऐकू येतं असं म्हणतो का, हे कागदावर लिहून न्या. त्याला ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ म्हणू नका, “तुला झोप नाही, त्याचं बघू” म्हणा. तो मरणाची भाषा करत असेल तर मात्र थांबू नका, आजच १४४१६ वर बोला.