उमेदवाराला 'काय वाचता?' असं विचारायचं की नको?

सीमेवरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात (बेळगाव तालुका, नाव नको, ओळखणारे ओळखतीलच) वाचनालयातर्फे इलेक्शनच्या आधी सगळ्या उमेदवारांना एका स्टेजवर बसवून जाहीर मुलाखत घ्यायचं ठरलंय आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. रस्ता, गटार, पाणी, मराठी शाळा हे सगळं आहेच की. पण कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं, पहिला प्रश्न "सध्या कुठलं पुस्तक वाचताय" हाच पाहिजे, वाचनालयाचा कार्यक्रम आहे का मंगल कार्यालयाचा? पोरं म्हणतात काका उत्तरं आत्ताच सांगतो, बहुतेक जण शिवचरित्र म्हणणार, आणि जो खरं बोलून "नाही हो, वाचन होत नाही" म्हणेल त्याचीच क्लिप स्टेटसला फिरणार आणि त्याचाच बाजार उठणार. मला दोघांचं पण पटतंय, म्हणून इथं विचारतो. नेता काय वाचतो यावरनं तो कसा काम करेल ते कळतं काय? का आपण उगाच मास्तरकी करायला बघतोय?

निवृत्त_मास्तर:
विचाराच. न विचारण्याची लाज आपल्याला वाटायला पाहिजे. टिळकांनी होमरूल लीग काढली ती १९१६ साली आपल्या बेळगावातच, आणि त्याच्या आदल्याच वर्षी गीतारहस्य छापून आलं होतं, जे त्यांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं लिहिलं. तुरुंगात पुस्तकं मागवून घेणारा, तिथं बसून नवीन भाषा शिकणारा माणूस, आणि आज आपण नेत्याला पुस्तकाचं नाव विचारायला कचरतोय! बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आजही कराडला वेणूताईंच्या स्मारकात आहे, कधी गेलात तर बघून या. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ काढलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना अध्यक्ष केलं, विश्वकोशाचं काम वाईला उभं राहिलं. वाचणारा माणूस खुर्चीवर बसला की काय होतं ते एवढ्यावरनं दिसतं.

आणि खासदार बॅ. नाथ पै. बेळगावकरांना त्यांच्याबद्दल सांगायची गरज नाही. गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टानं मूलभूत हक्कांना संसदेनं हात लावायचा नाही असा निकाल दिला, त्यानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार शाबूत राहावा म्हणून त्यांनी विधेयक आणलं होतं. निकालपत्र नीट वाचल्याशिवाय असलं विधेयक लिहिता येत नाही. १९७१ च्या जानेवारीत सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला ते इथं आले आणि दुसऱ्या दिवशी इथंच गेले. असली माणसं ऐकलेली पिढी आमची, त्यामुळं आताची भाषणं ऐकवत नाहीत.

चव्हाटगल्ली:
मास्तर, नमस्कार, पण तुम्ही निवडून निवडून चांगलीच नावं सांगितलीत की. दुसरी बाजू मी सांगतो. स्टॅलिनकडं वीसेक हजार पुस्तकं होती, नुसती ठेवलेली नाहीत, रंगीत पेन्सिलीनं खुणा करून, बाजूला शेरे मारून वाचलेली, आणि त्यानं काय केलं ते सगळ्या जगाला माहिती आहे. हिटलरकडं पण हजारोनी पुस्तकं. तिकडनं कामराज बघा, पोरपणीच शाळा सुटली, आणि तामिळनाडूत पोरांना शाळेत दुपारचं जेवण घालून गावोगाव शाळा काढणारा मुख्यमंत्री तोच. वसंतदादा काय फार शिकले होते काय, पण १९८३ ला विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजं त्यांनीच सुरू करून दिली. बरं झालं का वाईट हा वेगळा वाद, त्यात नको शिरायला.

आणि आपले नरसिंह राव. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा माणूस पंतप्रधान झाला, रामटेकमधनं दोनदा निवडून आलेला, मराठी फाडफाड बोलायचा. एवढा वाचलेला माणूस, आणि ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पडली तेव्हा खुर्चीवर तोच होता. वाचन एका जागी, वेळेला उभं राहणं दुसऱ्या जागी.

अमेरिकेतली गंमत सांगतो. धाकट्या बुशला सगळं जग बिनडोक म्हणायचं. मग त्याच्या कार्ल रोव्ह नावाच्या सल्लागारानं पेपरात लिहिलं की आम्हा दोघांची पुस्तकं वाचायची शर्यत असते आणि २००६ मध्ये साहेबांनी ९५ वाचली, मी ११०. लोकांनी काय केलं? आधी म्हणत होते वाचत नाही, मग म्हणायला लागले खोटं सांगतोय, आणि मग म्हणाले एवढा वाचतोस तर इराकचा असला घोळ कसा घातलास. म्हणजे ठरवलेलं असलं की माणूस वाचून पण नापास आणि न वाचून पण नापास. तुमच्या स्टेजवर पण हेच होणार, आपल्या पार्टीवाल्यानं पुस्तकाचं नाव घेतलं की टाळ्या, दुसऱ्यानं तेच नाव घेतलं की "पाठ करून आलाय बघ".

खानापूरच्या_बाई:
मी मराठी शाळेत शिकवते. एक बघितलेलं सांगते, नाव घेणार नाही. शाळेच्या खोल्यांसाठी एका पुढाऱ्याच्या ऑफिसात आम्ही चौघीजणी निवेदन घेऊन गेलो होतो. बसायच्या जागेमागं काचेचं कपाट, आणि त्यात खालपासनं वरपर्यंत पुस्तकं, सगळी सत्काराची, निम्म्यांवरचा जिलेटीन कागद पण निघालेला नाही, काहींना रिबीन तशीच. आपल्या राज्यात २०२१ ला बोम्मई मुख्यमंत्री असताना सरकारी कार्यक्रमात हारतुरे, शाली बंद करा आणि द्यायचंच तर कन्नड पुस्तक द्या असा आदेश निघाला होता, तेव्हापासनं ही कपाटं आणखी भरली असावीत. आदेश चांगलाच, हारापेक्षा पुस्तक कधीही बरं, पण देणाऱ्यानं पण ते उघडून बघितलेलं नसतं हो.

पण खरं सांगायचं ते पुढं आहे. आमचं निवेदन दीड पानाचं. साहेबांनी पहिल्या दोन ओळींवर नजर टाकली, वर "योग्य कार्यवाही" असं लिहिलं, सही केली आणि फोटोला उभे राहिले. दुसऱ्या पानावर आम्ही खोलीच्या छपराबद्दल लिहिलं होतं, पोरांना कुठं बसवतोय ते लिहिलं होतं. ते पान उलटलंच नाही. त्या दिवसापासनं माझ्या मते नेत्यानं कादंबरी नाही वाचली तरी चालेल, पण समोर आलेला कागद त्यानं शेवटपर्यंत वाचला पाहिजे. त्याच तालुक्यात एक जुने पंचायत सदस्य होते, शिक्षण बेताचंच, चष्मा पुसून अर्ज ओळीओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि मग विचारायचे, "बाई, हे तिसरं कलम कशाला घातलंय?" काम त्यांच्याकडनंच झालं.

निवृत्त_मास्तर:
बाई, तुमचा मुद्दा मान्य. पण ओळीओळीवर बोट ठेवणारी माणसं पण कुठनं तरी तयार होतात, वाचायची सवय असल्याशिवाय दीड पानसुद्धा संपत नाही. तेवढं माझं म्हणणं लावून धरतो.

वकिलांच्या_हाताखाली:
बाईंनी कागदाचं काढलं म्हणून लिहितो. आपल्याकडं सीमावादावरचा महाजन अहवाल म्हटलं की शेंबडं पोरगं पण दोन वाक्यं बोलतं. १९६६ ला आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला, आणि "बेळगाव कर्नाटकाला दिलं" एवढं सगळ्यांना पाठ. पण चहाच्या टपरीवर विचारून बघा की त्याच अहवालात निपाणी आणि खानापूर तालुक्यातला मोठा भाग, नंदगड धरून, महाराष्ट्रात जावा असं सांगितलंय हे किती जणांना माहिती आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची गावं कर्नाटकात जावीत असं पण आहे, केरळातलं कासरगोड कर्नाटकाला द्यावं असं पण आहे. महाराष्ट्रानं का नाकारला? तर खेडं हा घटक धरायचा, कुठली भाषा जास्त, गावं एकमेकांना लागून आहेत का, लोकांना काय पाहिजे, हे निकष सगळीकडं सारखे लावले नाहीत हा आक्षेप. बॅरिस्टर अंतुल्यांनी त्या अहवालाची चिरफाड करणारं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. राजकारणी माणूस, पण विरोधातला कागद आधी पूर्ण वाचला आणि मग त्याच्यावर तुटून पडला. माझ्या लेखी याला म्हणतात वाचणारा नेता.

आता २००४ पासनं महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, महाराष्ट्रात यायला पाहिजेत त्या ८६५ गावांची स्टेजवर घोषणा होते, सगळं बरोबर. पण घटनेतलं ३५० ब किती जणांनी वाचलंय? भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमायचं कलम, १९५६ ला राज्यं भाषेवर झाली तेव्हाच सातव्या दुरुस्तीनं घातलेलं. जिथं अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत पण निघाव्यात असं ठरलेलं आहे, आणि आपण मराठी कागदपत्रांसाठी मोर्चा काढतो तो त्याच जोरावर. मोर्चात पुढं चालणाऱ्याला एकदा विचारा की साहेब हे कुठं लिहिलंय. माझ्या अनुभवात मागं चालणाऱ्याला पण सांगता येत नाही, आणि तोच घरी जाऊन लिहितो की आमच्या नेत्यांना अभ्यास नाही.

चव्हाटगल्ली:
हे बसलं. उठसूट नेत्याचा अभ्यास काढणारे निम्मे फक्त हेडलाईन वाचतात, लिंक उघडत पण नाहीत. इथं पण असतील.

निपाणीकर:
जरा उशिरा आलो, बाजारात होतो. आमच्या निपाणीत १९२५ ला बाबासाहेब आले होते, बहिष्कृत परिषदेला. म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली. त्यांचं वाचन मोठं होतं यात वादच नाही, पण त्यांनी ते कशाला वापरलं ते बघा की, कायदा, आकडे, अहवाल सगळं समोर ठेवून भांडले. "सध्या कुठलं पुस्तक" या प्रश्नानं हे कळणार नाही, तो प्रश्न लग्नाच्या मुलाखतीतला आहे.

पोरा तुला एक प्रश्न देतो, वाचनालयाच्याच कामाचा. घरपट्टीची पावती काढ आणि बघ. मूळ कराच्या खाली बारीक अक्षरात चार सेस म्हणजे वरचे जादा कर असतात, आरोग्य, शिक्षण, ग्रंथालय आणि भिकाऱ्यांच्या पुनर्वसनाचा. (होय, तो पण आपण भरतो.) त्यातला ग्रंथालय सेस ६ टक्के. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा १९६५ चा, त्याप्रमाणं हा पैसा वसूल करून ग्रंथालयासाठी द्यायचा असतो. महाराष्ट्रात असा सेस नाही, तिथं अनुदानावर चालतं, अ ब क ड वर्ग करून. आणि भारतातला पहिला ग्रंथालय कायदा केला तो आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं, १९४५ ला, ते मास्तरांना माहिती असणारच. तर उमेदवाराला विचार, आपल्या गावातनं हा सेस किती जमला, पुढं किती गेला आणि गावातल्या ग्रंथालयाला त्यातनं काय आलं. ज्यानं पंचायतीचा हिशेब एकदा तरी उघडलाय तो काहीतरी बोलेल, बाकीचे शिवचरित्राकडं पळतील.

खानापूरच्या_बाई:
एक अडचण. पंचायतीचा हिशेब आणि पावती कन्नडमध्ये असते. तुमच्या स्टेजवरच्या जुन्या मराठी उमेदवारांना कन्नड वाचता येत नसेल तर त्यांची फजिती होईल आणि विषय भलतीकडंच जाईल. मागणी आपल्या भाषेतल्या कागदाची करायचीच, ती सोडायची नाही. पण मिळेपर्यंत जो कागद हातात येतो तो वाचून घेणारा कुणीतरी जवळ पाहिजेच. नवीन पोरंपोरी दोन्ही भाषा वाचतात, आमच्या शाळेतली तर तिसरीपासनं बोर्ड वाचतात.

वकिलांच्या_हाताखाली:
मग कागद आदल्या दिवशी घरी पोचवा. कुणाकडनं वाचून घ्यायचा ते त्याचं तो बघेल. नेता सगळं स्वतः वाचत नसतोच, कुणाकडनं वाचून घेतो आणि त्याच्यावर काय विचारतो तेच बघायचं असतं.

सीमेवरचा_पोरगा:
भारी झालं, सगळ्यांचे आभार. आत्ताच कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. पुस्तकाचा प्रश्न राहणार, काका ऐकतच नाहीत, पण तो शेवटी आणि हलका म्हणून, कुणाला नापास करायचं नाही असं निवेदकाला सांगून ठेवतो. आदल्या दिवशी प्रत्येक उमेदवाराकडं दोन कागद जाणार, पंचायतीच्या जमाखर्चाचं पान आणि शाळेच्या छपराचं जुनं निवेदन. स्टेजवर तेवढ्यावरच प्रश्न.

चव्हाटगल्ली:
आणि समोर खुर्च्यांवर बसणाऱ्यांना? त्यांनी काय न वाचता टाळ्या वाजवायच्या?

सीमेवरचा_पोरगा:
त्यांना पण द्यायचं म्हणतोय, पण दोनशे माणसं धरली तर चारशे झेरॉक्स होतात भाऊ, वाचनालयाच्या गल्ल्यात तेवढे पण नाहीत.

निपाणीकर:
सेसमधनं माग.

निवृत्त_मास्तर:
पाठपोट काढा, निम्म्यात होईल. पैसे माझ्याकडनं घेऊन जा, पण कार्यक्रमाची तारीख आधी कळवा, रविवारी आमचं कडोलीला साहित्य संमेलनाच्या तयारीचं काम असतं.