भाचीने पाठवलेला कागदी पाहुणा : वाईत त्याला काय दाखवावे?

कृष्णाकाठ
नमस्कार. माझी भाची कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात दुसरीत शिकते. शाळेच्या उपक्रमासाठी तिने वीतभर उंचीचा एक मुलगा कागदावर काढून, रंगवून, कापून पाकिटातून आमच्याकडे वाईला पाठवला आहे. सोबत तिच्या बाईंचे पत्र आहे. त्याला दोन आठवडे ठेवून घ्यावे, फिरवावे, छायाचित्रे काढावीत, रोज चार ओळी लिहाव्यात आणि मार्चअखेर तो वर्गात पोहोचेल अशा बेताने परत पाठवावा, असे त्यात लिहिले आहे. भाचीने स्वतः अजून आजोळ पाहिलेले नाही. त्यामुळे हे काम नीट व्हावे, अशी माझी आणि माझ्या आईची फार इच्छा आहे. त्याला कोठे न्यावे, कोणत्या भाषेत लिहावे आणि पाकिटात काय घालून पाठवावे, याविषयी अनुभवींनी कृपया सांगावे.

खडू_फळा
मी प्राथमिक शाळेत शिकवत असे, म्हणून आधी या उपक्रमामागचा हेतू सांगते. 1964 साली निघालेल्या एका अमेरिकन बालकथेत स्टॅन्ली नावाचा मुलगा फळ्याखाली दबून चपटा होतो आणि मग त्याला पाकिटात घालून टपालाने प्रवासाला पाठवता येते. हा धागा धरून डेल ह्यूबर्ट या तिसरीच्या शिक्षकांनी 1995 मध्ये 'फ्लॅट स्टॅन्ली' उपक्रम सुरू केला, तोही तुमच्या भाचीच्याच ऑन्टारियो प्रांतातील लंडन शहरात. मुलांनी खऱ्या माणसाला खरे पत्र लिहावे आणि खऱ्या उत्तराची वाट पाहावी, एवढाच त्याचा गाभा आहे. म्हणून प्रेक्षणीय स्थळांची यादी पाठवू नका. आजी सकाळी काय करते, दूध कोण आणते, दारासमोरची रांगोळी कशी काढतात, हे त्या कागदी मुलाच्या तोंडून लिहा. बाईंना वर्गात वाचता यावे म्हणून मजकूर इंग्रजीत असावा, पण दोन ओळी आजीच्या हातच्या मराठीत अवश्य असाव्यात. आपल्या आजीचे अक्षर वर्गातल्या सगळ्यांना दाखवताना त्या मुलीला काय वाटेल, याचा विचार करा. एक विनंती आहे : छायाचित्रांत इतरांची मुले येणार असतील तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा.

घाटपायरी
मी वाईचाच. ढोल्या गणपतीला तर तुम्ही न्यालच, पण एक सकाळ मेणवलीसाठी राखून ठेवा. नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती या पाहुण्याला दाखवण्याजोगी आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या घंटांपैकी ती एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल कोरलेले आहे. चर्चसाठी ओतलेली घंटा कृष्णेकाठच्या देवळापाशी कशी आली, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाला सहज कळते, कारण तीही त्या कागदी मुलासारखी दूरचा प्रवास करून आलेली आहे. त्याला घंटेशेजारी धरून छायाचित्र काढा, म्हणजे तिचा आकार मुलांच्या लक्षात येईल. घाटावर वारा असतो, म्हणून आकृतीच्या पाठीला पुठ्ठा लावा. पाण्याजवळ तर ती हातातून सोडूच नका. नदीबद्दलही लिहा. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा जवळचा अरबी समुद्र सोडून पूर्वेला वळते आणि सुमारे 1,400 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. मोठमोठ्या सरोवरांच्या प्रांतातल्या त्या मुलांना नकाशावर हा मार्ग बोटाने शोधायला आवडेल.

टपालवेडा
परतीच्या पाकिटाबद्दल लिहितो. बी, वाळलेली फुले, पाने, माती यांतले काहीही घालू नका, कारण अशा वस्तूंबाबत कॅनडाचे नियम कडक आहेत आणि पाकीट अडकले तर वर्ग वाट पाहत राहील. मजकूर, छायाचित्रे, बसचे तिकीट, एखादे कोरे पोस्टकार्ड असे कागदच पाठवावेत. साध्या हवाई टपालावर तारखेचा भरवसा ठेवू नये. माग काढता येईल असे आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट घ्या आणि निघण्यापूर्वी आकृतीची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवा. पाकिटावर खरी तिकिटे लावता येतील का, हे खिडकीवर आवर्जून विचारा, कारण मुले पाकीट हातात आले की आधी तिकीट पाहतात. आणखी एक गोष्ट त्या पत्रात जरूर लिहा. आपला सहा अंकी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने तयार केला आणि तो 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. ते संस्कृतचे कवीही होते. वाईचा पिनकोड 412803 आहे. कॅनडाचा कोडही सहा चिन्हांचाच असतो, मात्र त्यात अक्षर आणि अंक आलटून पालटून येतात. दोन्ही कोड एकाखाली एक लिहून पाठवलेत तर बाईंना वर्गात त्यावर बोलता येईल.

कृष्णाकाठ
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी आम्ही मेणवलीला जाऊन आलो. आईने घंटेवरची मेरी आजवर नीट पाहिलीच नव्हती. घरी आल्यावर तिने चष्मा लावून दोन ओळींऐवजी पाऊण पान मराठीत लिहिले आणि त्याखाली इंग्रजी अर्थ मी लिहिला. कृष्णामाईचा उत्सव सुरू असल्याने आज संध्याकाळी पाहुण्याला घाटावर नेणार आहोत. तिकिटांविषयी सोमवारी पोस्टात विचारतो आणि काय उत्तर मिळाले ते येथे कळवतो.