भिली आणि मराठी: थोडी असहमती

भिली, म्हणजे भिल्ल समाजाची भाषा, ही मराठीचीच अशुद्ध बोली आहे, हे विधान मला मान्य नाही. ब्रिटिशकालीन भाषातज्ज्ञ ग्रियर्सनने भारताच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिली बोलींना स्वतंत्र गट मानून गुजराती व राजस्थानी यांच्या निकट ठेवले होते, आणि प्रत्ययही तेच सांगतात: षष्ठीला मराठीचा ‘चा’ नव्हे, तर बहुधा गुजरातीसारखा ‘नो’ लागतो. अनेक भिली बोलींत ‘स’चा ‘ह’ होतो. मध्य प्रदेशातील झाबुआच्या बाजारात ‘सात’ हा आकडा मी स्वतः ‘हात’ असा ऐकला आहे. खानदेशालगतच्या बोलींवर मराठीची छाया आहे, हे मात्र खरे.

आणि २०११च्या जनगणनेतही भिली मराठीपासून वेगळी मोजली गेली: ‘भिली/भिलोडी’ या गटात, त्यातल्या सर्व बोली धरून, एक कोटी चार लाख भाषकांची नोंद झाली. संविधानाच्या आठव्या अनुसूचीबाहेरील (म्हणजे त्या यादीत नसलेल्या) भाषांत ही संख्या सर्वाधिक आहे.