६० फेलो आणि २८ हजार सरपंच: नेतृत्व नक्की कुठं घडतं?

माळावरची

काल इथं, या चर्चेच्या पानावर, एका माजी फेलोचा लेख आला. तरुणांना वर्षभर सरकारी कामात घेणाऱ्या मुख्यमंत्री फेलोशिपमधून राज्याला उद्याचे नेते मिळतायत, असा एकूण सूर. शेवटाकडे एक वाक्य होतं: गावपातळीवरच्या लोकप्रतिनिधींना साधा तक्ता वाचता येत नाही, म्हणून तिथं शिकलेली तरुण मुलं हवीत. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी पाच वर्षं सरपंच होते. दुष्काळी पट्टा, बाराशे वस्ती. पहिलं सव्वा वर्ष माझी डोंगल, म्हणजे कम्प्युटरला लावून डिजिटल सही करायची ती कांडी, ग्रामपंचायतीच्या कम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये होती. वित्त आयोगाचं पेमेंट तिच्याशिवाय सुटत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑपरेटर म्हणायचा, "ताई, तुम्ही कशाला हेलपाटा घालता, मी करतो की." एक दिवस कळलं की पाइपलाइनचं बिल निघालंय. जाऊन बघितलं तर चर उघडाच, पाइप पडलेच नव्हते. त्याच दुपारी ड्रॉवर उघडून डोंगल घेतली आणि पदराच्या गाठीला बांधून घरी आणली. दुसऱ्या दिवसापासून निम्मी आळी माझ्याशी बोलायची बंद झाली. जे काय नेतृत्व शिकले ते तिथं शिकले.

फेलो २१ ते २६ वयाचा. वर्षभर कलेक्टर नाहीतर जिल्हा परिषदेच्या सीईओ साहेबांच्या हाताखाली असतो, जोडीला आयआयटी मुंबईचा अभ्यासक्रम करतो, मग जातो. मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, मी बघितलीत. पण त्यांना जाब कोण विचारणार? मला २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पाइपांवरून चार तास उभं केलं होतं. ज्याला लोक उभं करू शकत नाहीत त्याला अधिकारी म्हणा, सल्लागार म्हणा. नेता म्हणू नका.

टिपणीवाला

तो लेख माझा. तक्त्याचं वाक्य चुकीचं होतं, मागे घेतो. बाकीचं नाही.

फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, २०२० ला बंद पडली, २०२३ ला परत आली. मी बंद पडायच्या आधीच्या तुकडीतला. जिल्हा परिषदेत होतो. एका बीटमधले, म्हणजे अंगणवाड्यांच्या एका गटातले, कुपोषणाचे आकडे अचानक सुधारले होते, सगळे खूश. मी चार अंगणवाड्या फिरलो. एका ठिकाणी वजनकाट्याचा शून्यच पाऊण किलोवर होता. मूल झोळीत घालायच्या आधीच पाऊण किलो भरायचं. सेविकेनं दोनदा लेखी कळवलं होतं आणि ते दोन्ही कागद तालुक्याच्या कपाटात पडून होते. मी एवढंच केलं की ते कागद थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. काटे बदलले, आकडे वाईट आले, वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठकीत आमच्या जिल्ह्याला बोलणी बसली. पण पोरांना आहार सुरू झाला.

हे त्या गावच्या सरपंचाला का नाही दिसलं? तुम्ही जाब विचारण्याबद्दल बोलता. त्या अंगणवाडीच्या काट्यावरून कुठल्या ग्रामसभेत कोण उभं राहिलं?

पेठेतला

दोघांचंही ठीक आहे, पण २६ नंतर माणूस संपतो का ते सांगा. मी सहा वर्षं स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉटवर दिवस काढतोय. फेलोशिपला पदवीचे ६० टक्के हवेत, वर वर्षभराचा अनुभव हवा. ज्याचं शिक्षण शेतीच्या हंगामात सुट्ट्या मारून झालंय त्यानं ६० टक्के कुठून आणायचे? आणि महिन्याला मानधन ५६,१०० अधिक प्रवासखर्च ५,४००, म्हणजे ६१,५००. आमच्या अख्ख्या खोलीचा तीन महिन्यांचा खर्च.

मधली आळी

६१,५०० वरून आठवलं. सरपंचाचं मानधन किती, कुणी सांगेल? मीच सांगतो. २०२४ मध्ये दुप्पट केलं तेव्हा कुठं दोन हजारांच्या आतल्या गावाला ६,००० झालं. आठ हजारांपर्यंत ८,०००, त्यावर १०,०००. आधी याच्या निम्मं होतं. तालुक्याला पाच खेपा घातल्या की ३,००० संपले. मग जो ठेकेदार आहे, ज्याचा डंपर आहे, तोच सरपंचकीला उभा राहणार. गरीब माणूस उभा कसा राहील?

साडेतीन एकर

मानधन वाढवून काय होणार? २०११ पासून निम्म्या जागा बायकांना. बाई सहीपुरती आणि कारभार नवऱ्याचा. बैठकीत खुर्चीवर कोण बसतो ते बघा. सरपंचपतीला ६,००० द्या नाहीतर ६०,००० द्या, गाव आहे तिथंच राहणार. त्यापेक्षा फेलो परवडला, निदान शिकलेला असतो.

माळावरची

साडेतीन एकर, सरळ उत्तर देते. पहिले सहा महिने माझा नवराच जायचा बैठकीला. का? पंचायत समितीतून फोनच त्याला यायचा! माझा नंबर कागदावर होता, तरी. बीडीओंसमोर, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांसमोर, मी जाऊन बसले तर पहिला प्रश्न, "साहेब आले नाहीत का?" बाईला खुर्ची देता आणि फोन नवऱ्याला लावता, वर म्हणता बाई सहीपुरती. तुमच्यासारख्यांनी बोलून बोलूनच आम्हाला सहीपुरतं केलंय.

साडेतीन एकर

'तुमच्यासारख्यांनी' म्हणजे? मला ओळखता का तुम्ही? डोळ्यांनी बघितलेलं बोललो. तुम्ही एक निघालात हिमतीच्या, म्हणून सगळ्या तशा होत नाहीत.

मधली आळी

सगळे पुरुष सरपंच तरी कुठं हिमतीचे निघाले? आमच्याकडचा सरपंच नमुना ५ ची रोकड वही, म्हणजे पंचायतीच्या जमाखर्चाची वही, घरी ठेवायचा, देव्हाऱ्याच्या फळीवर. मागितली की म्हणायचा, सोवळं आहे. त्याला कुणी 'सरपंचपत्नी काय करते' विचारलं नाही. ताई चिडल्या ते बरोबरच चिडल्या.

जुना जीएस

तुम्ही सगळे फांद्यांवर भांडताय. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या. हाणामाऱ्या व्हायच्या, खून पडले, मान्य. पण वर्गावर्गात जाऊन मत मागणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच कॅन्टीनमध्ये बसणं, हे आम्ही विशीत शिकलो. २०१६ च्या कायद्यात निवडणुका कागदावर परत आल्या आणि कागदावरच राहिल्या. पुढं २०२२ च्या मार्चपासून मुंबई-पुण्यात नगरसेवकही नव्हते, तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच. नळाला पाणी नाही म्हणून कुणाच्या दारात जायचं हे लोक विसरले. पोरांना निवडणूक द्यायची नाही, शहराला द्यायची नाही, आणि परीक्षा, निबंध, मुलाखत घेऊन ६० जण निवडायचे. भरती उत्तम होईल. नेतृत्व त्यातून येत नाही.

धानोरा रोड

आमच्या गडचिरोलीचं सांगतो. मेंढा-लेखा गावात 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा नुसती भिंतीवर नाही राहिली. तिथं अभ्यासगट बसायचा. बाहेरून मोहन हिराबाई हिरालाल होते, पण ते निर्णय नाही घेत. गावासोबत कायदे वाचत, चर्चा करत. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं. वेळ लागला तर लागला. म्हणून २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला तेव्हा बांबूचं काय करायचं हे गावाला माहीत होतं. बाहेरचा शिकलेला माणूस नको असं नाही ना जी. तो कुणाच्या बाजूला बसतो ते बघा. फेलो सीईओच्या बाजूला बसतो.

टिपणीवाला

हे मात्र मला लागलं. वर्षभरात मी तीसेक ग्रामसभांना गेलो असेन. दरवेळी टेबलाच्या मागं, अधिकाऱ्यांच्या रांगेत. खाली लोकांत एकदाही बसलो नाही, कुणी बसू नको म्हटलं नव्हतं तरी.

तरी माळावरची, एक धरून ठेवतो. सेविकेचे दोन कागद कपाटातून निघाले ते मी त्या रांगेत होतो म्हणूनच. तुमची डोंगलची गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर काट्यांसोबत तेही विचारलं असतं: सरपंचांच्या डोंगल कुणाच्या ताब्यात आहेत? एका आठवड्यात अख्ख्या तालुक्याची यादी झाली असती.

माळावरची

ती यादी हवी होती मला. सव्वा वर्ष आधी मिळाली असती तर पाइप पडले असते. एवढ्यापुरतं तुमचं मान्य करते. फेलो ठेवा, त्याला नेता म्हणू नका, आणि वर्षातले सहा महिने तरी त्याला ज्या बाया नव्यानं निवडून आल्यात त्यांच्या शेजारी बसवा. रोकड वही वाचायची कशी, बिलावर सही करण्याआधी झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका कशी मागायची, हे सांगायला कुणी नसतं. प्रशिक्षण होतं, नाही असं नाही. दोन दिवस, जेवण चांगलं, हातात जाडजूड पुस्तिका. पण डोंगल हा शब्द मी तिथं ऐकला नाही.

पेठेतला

आणि वयाची अट?

मधली आळी

अरे बाबा, उभा राहा ग्रामपंचायतीला. तिथं २१ पूर्ण लागतं, वरची अट नाही.

साडेतीन एकर

दोन दिवस काही लिहिलं नाही. आमची वहिनी सरपंच आहे, ते आधी सांगायला हवं होतं. काल भावाची गाडी घेऊन बाजारला गेलो. किल्लीच्या जुडग्यात ती डोंगल अडकवलेली आहे. घरी आल्यावर वहिनीला विचारलं, ही कशाची? ती म्हणाली, गाडीची असेल.